मामूंचा रेडिओ आणि बपेऱ्याची वाट

कामठीहून बपेऱ्याला जायचे म्हणजे सकाळची गाडी पकडायची. कन्हानचा पूल ओलांडला की शहर मागे पडते. भंडारा रोड येते, पण भंडारा गाव तिथून दूर आहे. मग तुमसर रोड. इथून एक फाटा तुमसर गावावरून तिरोडीकडे जातो. हा मॅंगनीजचा मुलूख. चिखला आणि डोंगरी बुजुर्गच्या खाणी याच तालुक्यात आहेत. मी तुमसर रोडला उतरतो, ऑटोने तुमसरच्या बसस्थानकावर येतो आणि सिहोऱ्यावरून जाणारी एसटी धरतो.

गेल्या नोव्हेंबरात गेलो तेव्हा धानाची कापणी चालू होती. खिडकीतून ओल्या तणसाचा वास येत होता. मध्येच एखाद्या बांधीत चिन्नोर असला की वाऱ्याबरोबर सुगंध आत येई आणि बसमधली म्हातारी माणसे एकमेकांकडे पाहून मान हलवीत. सिहोऱ्याच्या आसपास चांदपूरच्या टेकड्या दिसतात. बावनथडीचे पाणी सोंड्याटोल्याला उपसून चांदपूरच्या जलाशयात सोडतात आणि तिथून ते शेतांना मिळते. त्यापुढे बपेरा. हे महाराष्ट्राच्या टोकावरचे गाव. बावनथडी पुढे वैनगंगेला मिळते, आणि नदीपलीकडे मध्य प्रदेशचा बालाघाट जिल्हा सुरू होतो. बाजारात मराठी, हिंदी आणि पोवारी अशा तिन्ही बोली एकाच तराजूवर तोलल्या जातात. मामूंच्या घरात उर्दू आणि उंबरठ्याबाहेर मराठी, असे मी लहानपणापासून पाहत आलो. मी आज दोन्ही भाषा शिकवतो, त्याचे निम्मे श्रेय या घराला आहे.

या खेपेस माझ्या पिशवीत एक छोटा डबा होता. सहा महिन्यांपूर्वीही मी असाच एक डबा नेला होता, आणि तो देऊन मी मामूंचे नुकसानच केले होते. ती चूक दुरुस्त करायला मी निघालो होतो. आपल्यापैकी अनेक जण घरातल्या वडीलधाऱ्यांसाठी काही ना काही विकत घेतात. म्हणून ही हकिगत सविस्तर सांगतो.

मामू शिंपी. आता पंच्याहत्तरी ओलांडली. एका डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले, पण दोन्ही डोळ्यांनी धूसरच दिसते. मापाचे कपडे शिवणे त्यांनी सोडले. उशीचे अभ्रे, परकर, पिशव्या अशी सरळ शिलाईची कामे ते अजून हाताच्या अंदाजाने करतात. सुईत दोरा मात्र घरातले कोणी तरी ओवून देते.

त्यांच्या मशीनजवळच्या फळीवर पन्नास वर्षे रेडिओ होता. शिंप्याचे दोन्ही हात आणि डोळे कामात गुंतलेले असतात, कान मोकळे असतात. रेडिओ विकत घेतला तेव्हा त्याचा परवाना पोस्टात जाऊन दर वर्षी नवा करावा लागे, हे मामू आजही मुलांना सांगतात. १९५२ मध्ये केंद्रीय मंत्री केसकर यांनी आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ बंद केली, तेव्हा सगळा देश सिलोनकडे वळला. त्याच वर्षी डिसेंबरात रेडिओ सिलोनवर अमीन सायानींची बिनाका गीतमाला सुरू झाली. पुढे ३ ऑक्टोबर १९५७ ला विविध भारती आली. मामूंनी हे सगळे प्रथम आपल्या वडिलांच्या शेजारी काजे करत ऐकले. आकाशवाणीचे नागपूर केंद्र १९४८ पासूनचे. त्यावरचे शेतीचे कार्यक्रम गावात सगळेच ऐकत. आणि रात्री उर्दू सर्व्हिस. ‘तामील-ए-इरशाद’ या फर्माइशींच्या कार्यक्रमात आपले पत्र वाचले जाईल म्हणून मामूंनी किती पोस्टकार्डे टाकली असतील, देव जाणे.

दूरची स्टेशने रात्रीच का चांगली लागतात, हा प्रश्न मी त्यांना सातवीत असताना विचारला होता. त्यांना उत्तर ठाऊक नव्हते. ते म्हणाले, “रात्री आकाश शांत असते.” पुढे बीएडच्या काळात कळले की मीडियम वेव्हच्या लहरी दिवसा वातावरणाच्या वरच्या थरात शोषल्या जातात आणि रात्री त्याहूनही वरच्या थरातून परतून दूरवर पोहोचतात. मामूंचे उत्तर फारसे चुकीचे नव्हते.

दोन वर्षांपूर्वी मुमानीजान अल्लाहला प्यारी झाली. काही महिन्यांनी रेडिओही बंद पडला. दुरुस्त करणाऱ्याने भाग मिळत नाहीत असे सांगितले. मामेभावाने तुमसरच्या बाजारातून पेन ड्राइव्ह आणि एफएमचा छोटा खोका आणला. पण त्यात हवी ती स्टेशने लागत नव्हती आणि मशीन सुरू केली की आवाजात खरखर येई. मी ईदला भेटलो तेव्हा मामू म्हणाले, “बेटा, रेडिओ गेला तेव्हापासून घरात दुपारी कोणी बोलतच नाही.” मुलगा आणि सून शेतावर, नातवंडे शाळेत. दुपार खरोखरच मुकी झाली होती.

मी कामठीला परतलो तो निश्चय करूनच. मामूंना चांगले काही तरी घेऊन द्यायचे. मग शोध सुरू झाला आणि दोन शब्द पुन्हा पुन्हा भेटू लागले. स्ट्रीमर आणि डॅक.

स्ट्रीमर म्हणजे इंटरनेटवरून किंवा घरातल्या एखाद्या डिस्कवरून गाण्याची माहिती आणणारा डबा. ही माहिती आकड्यांच्या रूपात असते. ‘डिजिटल टू अ‍ॅनालॉग कन्व्हर्टर’ या लांब नावाचे आखूड रूप म्हणजे डॅक. तो त्या आकड्यांपासून विजेचा चढउतार तयार करतो, आणि त्या चढउताराने स्पीकरचा पडदा हलतो. हे मामूंना समजावताना मी अडखळलो, तेव्हा त्यांनीच सोपे करून सांगितले. “म्हणजे चिठ्ठीवर मापे लिहून येतात आणि तुझा तो डॅक मापांवरून कपडा शिवतो.” यापेक्षा नेमकी व्याख्या मला कुठे मिळाली नाही. त्यांनी पुढे विचारले, “मापेच चुकीची असली तर चांगला शिंपी काय करील?”

हा प्रश्न खरेदीच्या मुळाशी जातो. १९८२ मध्ये सोनी आणि फिलिप्स यांनी सीडी आणली, तेव्हापासूनचे माप असे : आवाजाची उंची दर सेकंदाला ४४,१०० वेळा मोजायची आणि प्रत्येक मोजणी ६५,५३६ पायऱ्यांपैकी एका पायरीवर बसवायची. तरुण माणसाच्या कानाला सेकंदाला सुमारे २०,००० कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो आणि वय वाढते तशी ही मर्यादा खाली येते. ऐकू येणाऱ्या सगळ्याला हे माप पुरते. त्याहून मोठ्या आकड्यांचे ‘हाय-रिझोल्यूशन’ डॅक बाजारात आहेत. पण १९५५ च्या गाण्याची मूळ ध्वनिफीतच जुनी असेल, तर मोठे आकडे त्यात नवे काही भरत नाहीत.

डॅक ही दुर्मीळ वस्तूही नाही. बोलणाऱ्या, गाणाऱ्या प्रत्येक मोबाइलमध्ये, टीव्हीत आणि लॅपटॉपमध्ये एक डॅक असतोच. ज्या फोनला इअरफोनचे भोक नसते, त्याला लावायची हजार-दीड हजारांची बोटभर वायर मिळते. त्या वायरीच्या टोकातही डॅक असतो, आणि चांगल्या कंपनीचा असेल तर तो उत्तम असतो.

हे मला आधी ठाऊक नव्हते. मी एका दुकानातून महागडा डॅक घेऊन बसलो होतो. दुकानदाराने दोन्ही वाजवून दाखवले आणि महागाचा आवाज मला खरेच भरदार वाटला. घरी आल्यावर माझ्या पॉलिटेक्निकमध्ये शिकणाऱ्या मुलाला शंका आली. त्याने मोबाइलवरच्या आवाज मोजणाऱ्या अ‍ॅपने दोन्हींचा आवाज सारखा केला, त्यांवर चादर टाकली आणि मला दहा वेळा ओळखायला सांगितले. मी पाच वेळा बरोबर आलो. नाणे उडवले असते तरी तेवढेच झाले असते. माझी पत्नी स्वयंपाकघरातून म्हणाली, “महागाचा आवाज मोठा होता, एवढेच.” थोडासा मोठा आवाज कानाला नेहमीच जास्त चांगला वाटतो. दुकानात दोन वस्तूंची तुलना करताना आवाज समान आहे का, हे आधी पाहावे. नाही तर पैसे डॅकला जातात आणि फरक फक्त आवाजाच्या बटणाचा असतो.

तो डॅक दुकानदाराने परत घेतला नाही. आता तो माझ्या कपाटात आहे.

त्यानंतर मी शहाणा झालो असे मला वाटले. डॅक आतच असलेला एक तयार स्ट्रीमर घेतला आणि सोबत दोन छोटे स्पीकर. आकडे चांगले होते, किंमत बेताची होती, वापरलेल्यांची मते चांगली होती. मे महिन्यात तो घेऊन बपेऱ्याला गेलो. पुतण्याच्या मोबाइलवर त्याचे अ‍ॅप टाकले, त्याच्याच हॉटस्पॉटवर डबा जोडला. प्रसार भारतीच्या न्यूजऑनएअरवर आकाशवाणीची अनेक केंद्रे मिळतात, ती पुतण्याने फोनवरून लावून दाखवली. मामूंच्या चेहऱ्यावर हसू आले. मी समाधानाने परतलो.

जूनमध्ये पुतण्या नोकरीसाठी नागपूरला गेला. त्याच्याबरोबर मोबाइल गेला, मोबाइलबरोबर हॉटस्पॉट आणि अ‍ॅप गेले. डबा फळीवर तसाच राहिला, एक लाल दिवा लावून. मला हे कोणी सांगितले नाही. मामूंनी तर मुळीच नाही. ऑगस्टमध्ये भाभीशी फोनवर बोलताना ती सहज म्हणाली, “तो डबा तर मुलासोबतच शहरात गेला म्हणायचा.” मी विचारले, मग मामू काय ऐकतात? ती म्हणाली, संध्याकाळी नातवंडे आली की एखादे गाणे फोनवर लावून देतात, पण त्यांना अभ्यास असतो, आणि मामूंना सारखे सारखे मागणे बरे वाटत नाही. मागच्या आठवड्यात फोनवर नात ऐकत होते तर मध्येच कसली तरी जाहिरात मोठ्याने वाजू लागली. मामूंनी फोन परत देऊन टाकला. पुन्हा मागितला नाही.

त्या रात्री मला झोप लागली नाही. मी तीन महिने आकडे वाचले होते. पण त्या डब्याचे बटन कोण दाबणार, हा एक प्रश्न मी स्वतःला विचारला नव्हता. मामूंच्या जुन्या रेडिओला दोन गोल खुंट्या होत्या. एक फिरवली की टक् असा आवाज होऊन रेडिओ सुरू होई, दुसरीने स्टेशन लागे. अजान झाली की मामू काम न थांबवता हात लांब करून तो बंद करत. नमाज झाली की पुन्हा टक्. यासाठी त्यांना कोणाला हाक मारावी लागत नसे. मी दिलेल्या काचेच्या पडद्याला ना उंचवटा होता ना खोलगट भाग. धूसर दिसणाऱ्या माणसासाठी ती नुसती गुळगुळीत पाटी होती. आयुष्यभर स्वतःच्या हाताने ऐकणाऱ्या माणसाला मी मागून ऐकणारा करून ठेवले होते.

आणखी एक गोष्ट लक्षात आली. ज्या डब्याचा जीव कंपनीच्या अ‍ॅपमध्ये आहे, तो कंपनी सांभाळील तोवरच चालतो. गूगलचा क्रोमकास्ट ऑडिओ २०१५ मध्ये आला. स्वस्त आणि गुणी डबा होता. जानेवारी २०१९ मध्ये त्याचे उत्पादन थांबले. मार्च २०२५ मध्ये एका डिजिटल प्रमाणपत्राची मुदत संपली आणि जगभरातले असे डबे काही दिवस मुके झाले, मग कंपनीने दुरुस्ती पाठवली. शहरात अशा वेळी घरातले कोणी तरी खटपट करते. बपेऱ्याच्या दुपारी कोण करणार?

मग आम्ही बाप-लेकांनी उलटीकडून सुरुवात केली. आधी मामूंची दुपार कागदावर मांडली. इंटरनेट असेलच असे नाही. वीज मध्येच जाते. डोळ्यांना नीट दिसत नाही. हात कामात असतात. ऐकायच्या गोष्टी चार : आकाशवाणीची स्टेशने, जुनी गाणी आणि कव्वाल्या, तिलावत, आणि चौथी गोष्ट एक कॅसेट. तिच्याविषयी पुढे सांगतो.

मुलाच्या जुन्या प्रकल्पातला एक रास्पबेरी पाय घरात पडून होता. शाळकरी मुलांना संगणकाची घडण कळावी म्हणून इंग्लंडमध्ये २०१२ साली आलेला हा तळहाताएवढा संगणक. त्यावर काही शे रुपयांत मिळणारी डॅकची पट्टी बसवली. तिच्यात टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची पीसीएम ५१०२ ही चिप असते. व्होल्युमिओ नावाची मोफत प्रणाली घातली. तिला साधी बटने आणि फिरणारी खुंटी जोडता येते. गाणी पेन ड्राइव्हमध्ये ठेवली. सीडीच्या मूळ मापात एक तासाला सुमारे ६३५ एमबी लागतात. फ्लॅक या पद्धतीने काहीही न गमावता ते साधारण निम्मे होतात. ३२० केबीपीएसच्या एमपी३ ला तासाला १४४ एमबी पुरतात. म्हणजे ३२ जीबीच्या पेन ड्राइव्हमध्ये दोनशे तासांहून जास्त मावते. इंटरनेट आले तर स्टेशने, नाही आले तरी दुपार रिकामी जाणार नाही.

पैसे वाचले ते स्पीकरवर घातले. हा सल्ला मी आता सगळ्यांना देतो. बेताच्या खर्चात आवाजातला खरा फरक स्पीकर आणि त्याची जागा यांनी पडतो, डॅकने नव्हे. मामूंसाठी एकच चांगला स्पीकर घेतला. ते एका ठिकाणी बसतात आणि पन्नाशीच्या दशकातली गाणी मुळात एकाच वाहिनीवर मुद्रित झालेली आहेत. दोन स्वस्त स्पीकरांपेक्षा एक बरा.

पहिल्या चाचणीतच एक अडचण आली. वीज अचानक गेली की मेमरी कार्डावरची माहिती बिघडू शकते आणि मग डबा सुरूच होत नाही. घरी मुलाने तीन वेळा प्लग ओढला. तिसऱ्या वेळी तसेच झाले. म्हणून ५ व्होल्ट देणारा छोटा बॅटरी बॅकअप जोडला. वीज गेली तर स्पीकर गप्प होतो, पण डबा जिवंत राहतो. कार्डाची एक तयार नक्कलही पाकिटात घालून सोबत नेली. सगळे मिळून नवा खर्च साडेपाच हजार झाला. कपाटातल्या डॅकची किंमत याहून जास्त होती.

आता कॅसेट. मुमानीजानचा आवाज गोड होता. मिलादच्या मजलिशीत बायका तिला नात म्हणायला लावत. कोणा पाहुण्याने एकदा साठ मिनिटांच्या कॅसेटवर ते टिपून घेतले होते. मामूंनी ती कॅसेट कपड्यात गुंडाळून पेटीत ठेवली होती. वाजवायला काही नव्हते, आणि टेप तुटेल ही भीती. मे महिन्यात त्यांनी ती माझ्या हाती दिली होती. म्हणाले होते, “होत असेल तर बघ. नसेल होत तर तशीच परत आण.” मी तेव्हा स्ट्रीमरच्या नादात होतो. कॅसेट पिशवीतच राहिली.

सप्टेंबरमध्ये एका सहकाऱ्याच्या घरून चालू स्थितीतला टेपरेकॉर्डर आणला. आधी पेन्सिलने रीळ हळूच फिरवून सैल केले. टेप चिकटलेली नव्हती. वाजवण्याचे डोके स्पिरिटच्या बोळ्याने पुसले. इअरफोनच्या भोकातून वायर काढून लॅपटॉपला जोडली आणि सीडीच्याच मापात दोन्ही बाजू एका दमात उतरवून घेतल्या. घरघर आहे, मागे बांगड्यांचा आवाज आहे, कोणाचे तरी मूल रडते, एक बाई त्याला दटावते. मुलगा म्हणाला, अब्बा, संगणकावर ही घरघर काढता येते. आम्ही काढून पाहिली. घरघर गेली, पण मुमानीच्या आवाजातला श्वासही गेला. ती नक्कल पुसून टाकली आणि मूळ ठेवली.

हे सगळे घेऊन नोव्हेंबरात मी बपेऱ्याला पोहोचलो. भाभीने मासळीचा रस्सा आणि नवा भात केला होता. जेवण झाल्यावर मी डबा काढला. वर खुंटी, खाली एका ओळीत चार बटने. मामूंनी बोटे फिरवून पाहिली आणि म्हणाले, “चारही सारखीच लागतात. मला कसे कळणार?”

मी गप्प झालो. पुन्हा तीच चूक, फक्त थोडी लहान. मामू उठले, मशीनच्या खणातून पत्र्याचा डबा काढला. पन्नास वर्षांची बटने त्यात होती. त्यांनी स्पर्शानेच चार निवडली. कोटाचे मोठे बटन आकाशवाणीला, सदऱ्याचे चार भोकांचे गाण्यांना, कापड मढवलेले तिलावतीला. चौथे छोटे, शिंपल्याचे. “हे तिच्या निकाहच्या कुर्त्याचे उरले होते,” ते म्हणाले. मी ती बटने डब्याच्या बटनांवर चिकटवली. रात्रभर वाळू दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी जागा ठरवली. स्पीकर आधी कोपऱ्यात भिंतीला टेकून ठेवला तर आवाज घुमला, शब्द अडकले. भिंतीपासून हातभर पुढे, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर आणला तेव्हा शब्द मोकळे झाले. मशीनच्या टेबलावर ठेवू नये, हे मामूंनीच सांगितले, ती थरथरते. इंटरनेटसाठी भाभीच्या फोनचा हॉटस्पॉट जोडला. ती घरी असेल तेव्हा स्टेशने लागतील. स्टेशनांचे इंटरनेटवरचे पत्ते अधूनमधून बदलतात, तेव्हा मला फोन करा, असेही सांगून ठेवले.

मग आम्ही सगळे बाजूला झालो. मामू मशीनवर बसले. अभ्रा हातात घेतला. उजवा हात लांब करून त्यांनी आधी मोठे बटन दाबले, नंतर चार भोकांचे. गाणे सुरू झाले. खुंटीने आवाज थोडा कमी केला. मशीन चालू लागली. बराच वेळ ते तेच ऐकत राहिले. शिंपल्याच्या बटनावर बोट दोन-तीनदा गेले आणि परत आले. मी मुलाला खूण केली आणि आम्ही नदीकडे फिरायला निघालो.

पुलावर उभे राहिलो. खाली बावनथडीचे पाणी कमी झाले होते, वाळू उघडी पडली होती. पलीकडून सायकलवर पोती लादून माणसे येत होती. मुलाने विचारले, “ते चौथे बटन दाबतील का?” मी म्हणालो, ते त्यांच्या हातात आहे.

तासाभराने परत आलो तेव्हा दार लोटलेले होते. मशीनचा आवाज नव्हता. मुमानीजानचा होता. आम्ही ओट्यावरच बसलो. शेजारची एक म्हातारी काठी टेकत आली, ऐकत उभी राहिली, पदराने डोळे पुसले आणि आमच्याशी काहीच न बोलता गेली. अस्रची अजान झाली. आत टक् असा आवाज आला. मुलाने खुंटीला तसा आवाज करणारी कळ मुद्दाम बसवली होती, हे मला त्या क्षणी कळले.

डिसेंबरात मामूंचा फोन आला. तक्रार होती. रात्री वीज गेली आणि तीन वाजता आली, तेव्हा कव्वाली आपोआप सुरू होऊन सगळे घर जागे झाले. मी म्हणालो, झोपताना खुंटी बंद करत जा. ते म्हणाले, “जुन्या रेडिओनेही एकदा असेच केले होते. तुझी मुमानी आठवडाभर बोलली नव्हती माझ्याशी.” आणि हसले. मग त्यांनी डब्याला हवा कुठून लागते ते विचारले. धूळ बसते म्हणून त्याला खोळ शिवायची होती. मी भोके कुठे आहेत ते सांगितले. त्यांनी फोन कानाशी धरूनच बोटांनी ती चाचपली आणि माप घेतले.

वाचकहो, आपल्याही घरात कोणासाठी असे काही घ्यायचे असेल तर दुकानात जाण्यापूर्वी त्यांच्याजवळ एक दुपार बसा. ते काय ऐकतात, कुठे बसतात, बटन कोणाच्या हाताने दाबले जाणार, वीज आणि इंटरनेट गेल्यावर काय उरेल, एवढे पाहा. घरातला जुना मोबाइल, हजार-दीड हजारांची वायर आणि एक बरा स्पीकर एवढ्यावरही अनेकांचे काम होईल. तयार स्ट्रीमर घ्याल तर आवडीची स्टेशने नेमून देता येतील अशी बटने असलेला रिमोट सोबत मिळतो का, आणि पेन ड्राइव्ह चालतो का, ते विचारा. आणि पेटीत एखादी कॅसेट असेल तर ती आधी उतरवून घ्या. डबे बाजारात नेहमीच मिळतील. टेप मात्र दर पावसाळ्यात थोडी थोडी जाते.